सारखं जाणारं-येणारं नेट: राउटर बंद-चालू करण्याआधी वेळ लिहा

नेट पूर्ण बंद पडलं की मला हायसं वाटतं. केबल तुटलेली असते, अ‍ॅडॉप्टर जळालेला असतो, ओएनटीवर (फायबर येऊन लागते त्या कंपनीच्या डब्यावर) लाल दिवा लागलेला असतो. जायचं, बघायचं, बदलायचं, चहा पिऊन परत यायचं. डोकं खातं ते जाणारं-येणारं नेट. फोन येतो, ‘अहो, परत गेलं.’ वळणं घेत चाळीस मिनिटांनी मोटरसायकलवर पोचावं, तर सगळे हिरवे दिवे मजेत लुकलुकत असतात आणि कॅशियर ओशाळं हसून सांगतो, ‘आत्ताच आलं बघा. तुमचा पायगुण.’

हा पायगुण मी गुहागर-दापोलीच्या पट्ट्यात पंधराएक वर्षं विकतोय. पतसंस्था, लॉज, शाळेच्या लॅब, एखादा काजूचा कारखाना. बहुतेक ठिकाणी सर्व्हर म्हणजे टेबलाखालचा एक डबा आणि नेटवर्क सांभाळणारा म्हणजे ज्याला कॉम्प्युटरची भीती वाटत नाही असा कुणीतरी क्लार्क. हे त्या क्लार्कसाठी लिहितोय.

राउटर बंद-चालू केला की नेट येतं, हे खरं. म्हणूनच सगळे तेच करतात. पण लहान राउटरचा लॉग, म्हणजे घडामोडींची नोंद, मेमरीत असतो, वीज काढली की पुसला जातो. कुणाला कुठला आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) दिला होता, लाइन कितीदा तुटली होती, सगळं गेलं. चोर येऊन गेल्यावर आपणच अंगण सारवायला घ्यावं, तसं झालं हे. निदान पाच मिनिटं थांबा. राउटरच्या पानावर (ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकला की उघडतं ते) जाऊन लॉगचा मोबाइलवर फोटो काढा, मग काय ते करा.

आणि रॅकशेजारी शंभर पानी वही ठेवा. पेन सुतळीने बांधून, नाहीतर दुसऱ्या दिवशी ते काउंटरवर दिसेल. वहीत लिहायचं एवढंच: तारीख, गेल्याची वेळ, आल्याची वेळ, सगळ्यांचं गेलं की एकाचं, लाईट होती का, पाऊस किंवा विजा होत्या का. ‘सकाळी नेट गेलं होतं’ या नोंदीचा उपयोग शून्य. ‘१०:२५ ते ११:१०, सगळ्यांचं, लाईट होती’ ही नोंद माझा अर्धा दिवस वाचवते. पुन्हा पुन्हा येणाऱ्या बिघाडाची वेळ कळली की बहुतेकदा तो बिघाड कुणाच्या घरचा ते कळतं.

माणसं लिहायला विसरतात, म्हणून एका मशीनलाही कामाला लावा. पिंग म्हणजे एखाद्या पत्त्याला हाक मारून उत्तर येतं का बघणारी कमांड. विंडोजच्या पिंगमध्ये वेळ छापून येत नाही, त्यामुळे चार ओळींची बॅच फाइल, म्हणजे कमांडची यादी, लागते. दर दहा सेकंदांनी तीन पत्त्यांना पिंग करायचं आणि निकाल तारीख-वेळेसकट फाइलीत टाकायचा. लिनक्सवर पिंगला कॅपिटल डीचा ऑप्शन दिला की प्रत्येक ओळीआधी वेळ येते, फक्त ती सेकंदांच्या लांबलचक आकड्यात असते. पहिला पत्ता आपल्या राउटरचा, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. दुसरा नेट देणाऱ्या कंपनीच्या पहिल्या थांब्याचा. ट्रेसरूट (वाटेतले थांबे दाखवणारी कमांड) चालवलं की दुसऱ्या ओळीत तो दिसतो, पुष्कळदा १०० ने सुरू होणारा, कारण १००.६४ पासूनचा एक पट्टा कंपन्या एकाच बाहेरच्या पत्त्यामागे अनेक ग्राहक बसवायला वापरतात. तो पिंगला उत्तर देत नसेल तर तिसरी ओळ घ्या. तिसरा पत्ता बाहेरच्या जगातला, गूगलचा ८.८.८.८.

पहिलाच तुटला तर दोष आपल्या चार भिंतींत. पहिला शाबूत आणि दुसरा तुटला तर लाइन. तिन्ही उत्तर देतायत आणि तरी साइट उघडत नाही, तर नावाचा पत्ता करून देणारा डीएनएस रुसलाय. एनएसलुकअप कमांडने नाव विचारून बघा, आधी नेहमीच्या डीएनएसला, मग १.१.१.१ या बाहेरच्या डीएनएसला. दुसरं उत्तर आलं आणि पहिलं नाही, तर राउटरमधला डीएनएसचा पत्ता बदला. यात कंपनीच्या फोनवर अर्धा तास गाणं ऐकायची गरज नसते. तिकडचा माणूस पुन्हा राउटर बंद-चालूच करायला सांगणार.

पुनवेला आणि अवसेला

वहीवर माझा एवढा विश्वास का, त्याची गोष्ट खाडीवरची आहे.

एका पतसंस्थेचं मुख्य कार्यालय खाडीच्या अलीकडे, शाखा पलीकडे. रस्त्याने मोठा वळसा, मधून फेरीबोट, हवेतून सरळ अंतर अडीच किलोमीटर. फायबर पोचलं नव्हतं, म्हणून दोन्ही इमारतींवर ५.८ गिगाहर्ट्झचे रेडिओ एकमेकांकडे तोंड करून बसवलेले. आठ-दहा दिवस लिंक ठणठणीत चालायची. मग चार-पाच दिवस अशी यायची की भर कामाच्या वेळी तास-पाऊण तास लिंक गायब. सिग्नल एरवी उणे ५८, तेव्हा उणे ८२ वर (शून्यापासून जितका लांब तितका कमजोर).

माझ्याआधी दोघांनी हात आजमावला होता. एकाने दोन्ही रेडिओ बदलले, दुसऱ्याने केबल आणि पीओई (लॅन केबलमधूनच वीज देणारा) अ‍ॅडॉप्टर. मी चॅनल बदलला. लिंक लगेच सुधारली, आठवडाभर बिनतक्रार चालली, मी बिल घेऊन मोकळा झालो. पुढच्या आठवड्यात फोन. आता मागे वळून बघता कळतं, की आम्हा तिघांपैकी प्रत्येकाचा उपाय आठ-दहा दिवस ‘लागू पडला’ होता, कारण काहीही न करता ती लिंक आठ-दहा दिवस नीट चालणारच होती.

शाखेत झाडलोट करणाऱ्या मावशी म्हणाल्या, ‘पुनवेला आणि अवसेला हमखास जातं बघा.’ शाखाधिकारी हसले, मीही हसलो. रॅकला लिंबू-मिरची बांधायचीच तेवढी राहिली होती. ग्रामदेवतेला गाऱ्हाणं बहुधा कुणीतरी घालून आलं असावं.

मग पिंगची फाइल महिनाभर चालू ठेवली. लिंक तुटल्याच्या वेळा एकाखाली एक मांडल्या: १०:२५, ११:१०, १२:००, १२:४०. रोज पाऊण तास उशिरा. आणि रात्रीही जवळपास त्याच सुमारास, बारा-साडेबारा तासांनी. रात्री शाखा बंद, म्हणून कुणाची तक्रार नव्हती. फक्त साडेअकराचा बॅकअप त्या दिवसांत अर्धवट राहायचा आणि ती निराळीच तक्रार म्हणून वर्षभर फिरत होती.

किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला रोज पाऊण तासाने पुढे सरकणारी वेळ दाखवली, की त्याला एकच गोष्ट आठवायला हवी. मला आठवायला महिना लागला याची लाज वाटते. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची ढोबळ वेळ येते, हे आपण शाळेत शिकलोय. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता. पौर्णिमेला पंधरा गुणिले पाऊण, सव्वाअकरा. भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, वेळांसमोर तिथ्या लिहिल्या. चतुर्दशी, पौर्णिमा, प्रतिपदा, द्वितीया. मावशी बरोबर होत्या. उधाणाची भरती आली की लिंक जाते, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान भरती, असला की जात नाही.

कारण असं. रेडिओची लाट समोरच्या अँटेनाकडे दोन वाटांनी पोचते, एक सरळ आणि दुसरी पाण्यावर आपटून. ५.८ गिगाहर्ट्झला एका लाटेची लांबी सुमारे ५.२ सेंटिमीटर. शांत खाडीचं पाणी तिच्यासाठी आरसाच, आणि अशा निमुळत्या कोनात पाण्यावर आपटलेली लाट उलटी होऊन परतते. दोन वाटांच्या लांबीतला फरक बरोबर पूर्ण लाटांइतका भरला की सरळ आलेली आणि उलटी झालेली लाट एकमेकींना खाऊन टाकतात. आमची एक अँटेना पाण्यापासून १८ मीटरवर होती, दुसरी १२ वर. फरक काढायचं सूत्र सोपं आहे: दोन्ही उंचींचा गुणाकार, त्याची दुप्पट, भागिले अंतर. भरती-ओहोटीच्या मधल्या पातळीला तो १७ सेंटिमीटरच्या पुढे येतो. पाणी मीटरभर चढलं की दोन्ही उंची एकेक मीटरने घटतात आणि फरक १५ वर येतो. सव्वादोन सेंटिमीटर कमी, म्हणजे जवळजवळ अर्धी लाट. तीन लाटा म्हणजे साडेपंधरा. नेमकी ती जागा वाटेत. उधाणाची भरती मधल्या पातळीपेक्षा मीटरभर वर जाते, भांगाची तेवढी जात नाही. संपला विषय.

उपाय करताना मी आधी सगळ्यांसारखीच चूक केली: खांब दहा फूट उंच केला. उंच म्हणजे चांगलं, हे आपल्या हाडीमासी मुरलंय. त्याने लाटा एकमेकींना खाण्याची पुढची, चार लाटांची पातळी खालून वर सरकली आणि भांगाच्या भरतीलाही लिंक जायला लागली. मग उलट केलं. लाट पाण्यावर कुठे आपटते ते दोन्ही उंचींच्या प्रमाणावर ठरतं. ती जागा बुटक्या अँटेनाच्या जवळ असते. १८ आणि १२ असताना ती शाखेपासून एक किलोमीटरवर, उघड्या पाण्यात पडत होती. शाखेची अँटेना खाली, ६ मीटरवर आणली, तशी ती सव्वासहाशे मीटरवर आली. तिथे कांदळवन आहे. झाडांच्या पानाफांद्यांवर लाट विस्कटते, आरशासारखी परतत नाही. सरळ वाट झाडांच्या वरून जेमतेम सुटते, हे आधी मोजून घेतलं. या कांदळवनाला कायद्याचं संरक्षण आहे, फांदी तोडायची नाही. झाडं वाढली तर अँटेनाच थोडी सरकवावी लागेल, तसं शाखाधिकाऱ्यांना लिहून दिलंय.

खर्च: एक जुना पाइप, दोन क्लॅम्प आणि फेरीबोटीचं तिकीट. पाण्यावरून लिंक टाकणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे, की जागा बघायला एकदा भरतीला जा आणि एकदा ओहोटीला.

पाऊस लागला की

जूनमध्ये वही भरभर भरते. पण ‘पावसाने नेट जातं’ असं लिहू नका. पाऊस सुरू होताच गेलं, की दोन दिवस संततधार झाल्यावर गेलं, की विजा चमकल्यावर गेलं? तिन्हींचे आजार वेगळे.

पाऊस सुरू होऊन दहा मिनिटांत जात असेल तर बाहेरच्या कनेक्टरमध्ये थेट पाणी शिरतंय. बहुतेक ठिकाणी केबल खांबावरून उतरते ती सरळ भिंतीतल्या भोकात घुसते, पाणी तिच्या अंगावरून ओघळत आत येतं आणि स्विचच्या (सगळ्या लॅन केबली जोडायच्या डब्याच्या) पोर्टमध्ये टपकतं. भोकात शिरण्याआधी केबलला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी झोळाच्या टोकाला गळून पडेल. कौलाची पन्हळ लावणाऱ्याला हे सांगावं लागत नाही, केबल ओढणाऱ्याला सांगावं लागतं.

दोन दिवसांच्या संततधारेनंतर हळूहळू मंदावत जात असेल तर गंज. खारी हवा आणि पावसाळ्यातला दमटपणा या दोघांपुढे आरजे-४५ ची, म्हणजे लॅन केबलच्या टोकावरच्या प्लगची, पिन टिकत नाही. सोन्याचा मुलामा पातळ असला की खालचं तांबं हिरवं पडतं. पीओईवर चालणाऱ्या केबलमध्ये तर वीज वाहत असते. ओलावा मिळाला की मुलामा चढवायच्या कारखान्यात चालतं त्याच्या उलट काम तिथे सुरू होतं आणि पिना काळ्या पडतात. गंमत म्हणजे लिंक एकदम तुटत नाही. १००० एमबीपीएसला चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच, १, २, ३ आणि ६ नंबरच्या पिना. एक जोडी गेली की स्विच गुपचूप १०० वर उतरतो. दिवा लागलेला, पिंग येतंय, फक्त ‘स्लो झालंय’. नेटवर्क कार्डाच्या स्टेटसमध्ये स्पीड बघा. काल १ जीबीपीएस आणि आज १०० एमबीपीएस असेल तर सॉफ्टवेअरला हात लावू नका, दोन्ही टोकं कापून नवीन मारा.

नवीन टोक मारताना पिनांना सिलिकॉन ग्रीस लावा. विकत घेताना मुलामा विचारा. दुकानदार ‘पन्नास मायक्रॉन’ सांगेल. ते मायक्रॉन नसून मायक्रो-इंच असतात, म्हणजे सव्वा मायक्रॉन, पण माल तो चांगलाच, घ्या. केबल मात्र अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा वर्ख असलेली घेऊ नका. चाकूने तार खरवडली की आत पांढरी दिसते. कोकणात ती दोन पावसाळे काढत नाही. बाहेरून जाणारी केबल काळ्या जाड आवरणाची हवी. करडी केबल उन्हाने तडकते आणि पाणी आतल्या आत कित्येक फूट चालत जातं.

बाहेरच्या डब्याबद्दल एक उलटं वाटणारं सांगणं. तो चहूबाजूंनी सिलिकॉन लावून ठार बंद करू नका. दिवसा तापतो, रात्री गार होतो, आतल्या हवेचं पाणी होऊन सर्किटवर बसतं. तळाला एक बारीक भोक ठेवा आणि त्याला जाळी लावा. जाळी नसेल तर कुंभारीण माशी आठवड्यात मातीचं घर बांधून ते भोक लिंपून टाकते. मुंग्या तर उबेसाठी चालू स्विचमध्येच बिऱ्हाड करतात. मी अंडी झाडून चालू केलेले स्विच मोजायचे सोडलेत.

विजांचा प्रकार मात्र पैशाला लागतो. आपल्याकडे गडगडाट मुख्यतः मे-जूनच्या वळवाला आणि ऑक्टोबरच्या परतीच्या पावसाला. जुलैच्या मुसळधारेत विजा कमी. म्हणून पोर्ट जळायचे महिनेही ठरलेले. वीज थेट पडावी लागत नाही. आसपास कोसळली तरी लांब तांब्याच्या तारेत दाब तयार होतो, आणि एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत ओढलेली लॅन केबल म्हणजे तो पकडायला टाकलेलं जाळंच. शाळेच्या जुन्या इमारतीतून नव्या इमारतीत अशी केबल असेल तर ती काढा, फायबर टाका, दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि लॅन केबल जोडून देणारा डबा) लावा. काचेतून वीज जात नाही. मात्र बाहेरच्या फायबरला आधाराची पोलादी तार असते, ती रॅकपर्यंत आणू नका. बाहेरच हुकाला बांधून संपवा. गडगडाट सुरू झाला की लोक फक्त प्लग काढतात. लॅनची पिनही काढा, अर्धं नुकसान तिकडूनच येतं.

आणि अर्थिंग. न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज मल्टिमीटरने मोजा. दोन-तीन व्होल्टच्या आत हवा. सड्यावरच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या माळावरच्या, ऑफिसांत मी तो उन्हाळ्यात पंधरा-वीस बघितलाय. जांभा पावसाळ्यात चिंब असतो तोवर अर्थिंग झकास. एप्रिल-मेमध्ये तोच दगड कोरडा ठणठणीत होतो आणि खड्ड्यातली पट्टी नुसती शोभेला उरते. नेमका त्यानंतर वळीव येतो, म्हणजे विजा सगळ्यात जास्त आणि अर्थिंग सगळ्यात वाईट, दोन्ही एकाच पंधरवड्यात. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात आठवड्यातून दोन बादल्या पाणी ओता. माड शिंपणाऱ्यालाच हे काम सांगा, तो विसरत नाही.

शनिवारी संध्याकाळी

लॉजवाल्यांची तक्रार ठरलेली: सोमवार ते शुक्रवार वायफाय उत्तम, शनिवारी संध्याकाळी ‘कनेक्ट होतं पण नेट नाही’. मालक म्हणतात स्पीड वाढवून घेतो. घेऊ नका, थांबा. पाहुण्याच्या फोनवरचा आयपी बघा. १६९.२५४ ने सुरू होत असेल किंवा फोन ‘आयपी पत्ता मिळवत आहे’ वर अडकला असेल, तर स्पीडचा संबंध नाही. राउटरकडे वाटायचे पत्ते संपलेत.

राउटरला सांगितलेलं असतं, १०० ते १९९ नंबर वाट, एकदा दिलेला नंबर २४ तास त्याच्याच नावावर ठेव. वीस खोल्या, खोलीत चार माणसं, त्यांचे फोन, एखादा लॅपटॉप. त्यात दुपारी नुसते जेवायला आलेले, मोदक खाऊन पासवर्ड मागून गेलेले. ते गणपतीपुळ्याला पोचलेत, पण त्यांचा नंबर उद्या दुपारपर्यंत अडकून आहे. जेवण झाल्यावर पान आडवं करून टेबल अडवून बसल्यासारखं. पाहुण्यांच्या वायफायची मुदत दोन तासांवर आणा, पंगत मोठी करा. राउटरच्या सबनेट मास्कमध्ये (पत्त्यांचा पट्टा केवढा ते सांगणारा आकडा) २५५.२५५.२५५.० ऐवजी २५५.२५५.२५२.० दिलं की हजाराहून जास्त पत्ते होतात.

बिलिंगचा कॉम्प्युटर आणि प्रिंटर मात्र या पंगतीत बसवू नका. त्यांना वेगळं नेटवर्क द्या, निदान वाटपाच्या पट्ट्याबाहेरचे पक्के नंबर द्या. एका ठिकाणी प्रिंटरला कुणीतरी हाताने १५० दिला होता, आणि १५० वाटपातलाच. दर शनिवारी कुठल्यातरी पुणेकराच्या फोनला १५० मिळायचा आणि प्रिंटर ऑफलाइन. बिल हाताने लिहायचं, पुणेकर ते दोनदा तपासायचा.

मुदत कमी करूनही भागलं नाही आणि फोनवर गेटवे (बाहेर जायच्या दाराचा, म्हणजे राउटरचा पत्ता) भलताच दिसतोय, उदाहरणार्थ तुमचा १९२.१६८.१.१ असताना १९२.१६८.०.१, तर घरात दुसरा वाढपी घुसलाय. मालकांच्या भाच्याने मागच्या खोलीत रेंज यावी म्हणून जुना राउटर आणून त्याच्या लॅन पोर्टात केबल खुपसलेली असते. दोघेही नंबर वाटतात, ज्याचा आधी पोचेल तो खरा. जुन्या राउटरचं डीएचसीपी, म्हणजे नंबर वाटायचं काम, बंद करा, मग राहू दे त्याला.

याच्याच नात्यातला आणखी एक: सगळ्या स्विचचे सगळे दिवे एकाच तालात फडफडायला लागले आणि सगळंच ठप्प झालं, तर कुणीतरी लोंबणारी मोकळी केबल ‘निघालेली दिसली म्हणून’ परत त्याच स्विचमध्ये लावलीय. एकच निरोप गोल गोल फिरत राहतो. हे ओळखून एक वाट आपोआप बंद करायची पद्धत रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये शोधून ठेवलीय, पण आपल्याकडच्या सातशे रुपयांच्या स्विचमध्ये ती नसते. एकेक केबल काढत जा, जिच्यासरशी दिवे शांत होतील ती गुन्हेगार.

सोमवारी सकाळी, आणि महिनाअखेरीस

रविवारी दिवसभर लाईट नाही, यूपीएस उतरलेला. सोमवारी सर्व्हर चालू होतो, पिंग सगळीकडे जातं, पण कुठलीही सुरक्षित साइट उघडत नाही, सर्टिफिकेट चुकीचं म्हणते. कोपऱ्यातलं घड्याळ बघा. काही वर्षं मागे गेलं असेल तर मदरबोर्डवरचा सीआर-२०३२ चा सेल संपलाय. बटणाएवढा, ३ व्होल्टचा. बदला, वेळ दुरुस्त करा, इंटरनेटवरून वेळ आपोआप घेण्याची सोय चालू करा. डोमेन (सगळ्यांचं लॉगिन एकाच सर्व्हरवरून) असलेल्या ऑफिसात तर सर्व्हर आणि मशीन यांच्या घड्याळात पाच मिनिटांहून जास्त फरक पडला की लॉगिनच होत नाही, आणि सगळे पासवर्ड चुकला म्हणून एकमेकांवर डाफरत बसतात. यूपीएसची बॅटरीही बघून घ्या. बंद कपाटात उकाड्यात ठेवलेली बॅटरी लवकर मरते. दर दहा अंशांनी गरमी वाढली की आयुष्य साधारण निम्मं.

महिनाअखेरीस सर्व्हर ‘हँग’ होत असेल तर डिस्क भरलीय असं समजूनच चला. लिनक्सवर डीएफ (डिस्क किती भरली ते सांगणारी कमांड) शंभर टक्के दाखवतं, आणि फोल्डरांची बेरीज मात्र तेवढी भरत नाही. कुणीतरी भली मोठी लॉग फाइल उडवलेली असते, पण जी सेवा तिच्यात लिहीत होती ती अजून तिला धरून बसलेली असते. ती सेवा बंद-चालू केली की जागा सुटते. राउटर नको म्हणालो, इथे बंद-चालू चालेल. उलटही होतं: जागा दिसते पण फाइल बनत नाही. तेव्हा आयनोड (प्रत्येक फाइलीमागे एक लागणारी नोंदीची जागा) संपलेत, कुठेतरी लाखो चिमुकल्या फाइली साठल्यात. डीएफला आय ऑप्शन देऊन बघा.

बॅकअप कुठे ठेवलाय तेही याच निमित्ताने बघा. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं. त्यानंतर मी ज्या मशीन उघडल्या त्यांतल्या बऱ्याच टेबलाखाली, फरशीवर होत्या, आणि बॅकअपची डिस्क त्याच टेबलाच्या खालच्या खणात. आता मी डबा भिंतीवर छातीएवढ्या उंचीला ठोकतो, आणि एक डिस्क शहराच्या वरच्या अंगाला कुणाच्या तरी घरी ठेवायला लावतो.

महिन्यातून एकदा त्या डिस्कवरून एखादी फाइल परत आणून उघडून बघा. मागच्या वेळी एका ठिकाणी मी बघितलं, तर बॅकअप तीन महिन्यांपूर्वीच थांबलेला होता. डिस्कवर जागाच नव्हती. साहेबांच्या मुलीच्या लग्नाचा व्हिडिओ होता, हळदीसकट.